गाडीचं पोटॅशियम

“ते गाडीचं आहे, मॅडम,” डॉक्टर म्हणाला, आणि घासातला खडा ताटाच्या कडेला सारावा तितक्या सहजपणे त्यानं पडद्यावरची ती ओळ बोटानं वर सरकवली. ती ताईच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिच्या ओंजळीत संत्र्याची सालं होती, ती टाकायला कुठे डबा दिसतोय का हे ती पाहत होती, आणि पाहता पाहता, ओळ वर सरकायच्या आत, तिला आकडा दिसला. पोटॅशियम, सात पूर्णांक एक. पुढे छोटा लाल बाण. आकड्यानं तिला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. तसे आकडे ती दोन वर्षं रोज पाहत होती. धक्का त्या शब्दाचा बसला. ‘गाडीचं’ हा शब्द तिचा होता. तो या तरुण माणसाच्या तोंडून इतक्या सफाईनं, शेवटच्या अक्षरावर तिला स्वतःला द्यायची सवय होती त्या झटक्यासकट बाहेर पडला, तेव्हा आपलाच ध्वनिमुद्रित आवाज पहिल्यांदा ऐकताना वाटतं तसं तिला वाटलं. आपण असं बोलतो?

“काय म्हणतोय गं तो?” ताईनं विचारलं. “कुठली गाडी?”

“रक्ताची. इथून नमुने घेऊन जाते ती.”

“म्हणजे माझं रक्त रोज गाडीतून फिरून येतं, आणि मी इथे छताकडे बघत पडलेय. बरंय.”

डॉक्टर हसला. त्याचे डोळे रात्रपाळीनं लाल झाले होते. “मावशी, तुमच्या बहिणीला विचारा. या गाडीचं सगळं शास्त्र त्यांनीच आम्हाला शिकवलंय. काल सहा होतं, परवा पाच नऊ. ईसीजी केला, एकदम स्वच्छ. गाडी दुसरं काय!” मग तिच्याकडे वळून, जरा हळू, “उद्याच्या नमुन्यात बघू, मॅडम.”

ती हो म्हणाली. हो म्हणताना तिचं लक्ष ताईच्या हाताकडे होतं. ताईनं संत्र्याची एक फोड उचलली होती आणि तोंडापर्यंत न्यायच्या आधी हात मध्येच चादरीवर टेकवला होता, सहज टेकवल्यासारखा. ताई काहीही सहज टेकवणारी बाई नव्हती. लहानपणी, आई गेल्यानंतरच्या वर्षांत, ताईला बसलेलं पाहिल्याचं तिला आठवत नाही. ताई उभ्यानं जेवायची, उभ्यानं तिच्या वेण्या घालायची, शिवणयंत्रावर बसली तरी तिचा एक पाय उठण्याच्या तयारीत असे. कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट सोडून ताईनं घर हातात घेतलं, आणि धाकटीनं विज्ञानाला जायचं हे ताईनंच ठरवलं. धाकटीचा पांढरा कोट ताईनं घरी शिवला होता. खिसा चुकून उजवीकडे बसला, म्हणून पुढची सगळी वर्षं ती पेन उजव्या खिशात ठेवत आली. या सगळ्याची नोंद कुठे नव्हती. वडील पाहुण्यांना सांगत, घर कसं आपोआप चालतंय बघा.

“पाय कसे आहेत?” तिनं विचारलं.

“जड. वाळूच्या पिशव्या बांधल्यासारखे. सकाळी बाथरूमपर्यंत भिंत धरून गेले. वय झालं, छोटे.”

पायाला जखम होऊन ताप आला म्हणून ताईला इथे आणलं होतं. मूत्रपिंडं आधीपासून थकलेली होती. जखम भरत आली होती, ताप उतरला होता, भावोजी दोन दिवसांत घरी न्यायची भाषा करत होते. पाय जड होण्याचं काही कारण नव्हतं. कारण नव्हतं, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की एक कारण होतं, आणि ते आता पडद्याच्या वरच्या कडेपलीकडे सरकवलेलं होतं.

पोटॅशियम पेशींच्या आत असतं. तिनं कितीतरी विद्यार्थ्यांना हे सांगितलं होतं. रक्तात ते अगदी थोडं, पाचाच्या आसपास, आणि फार वाढलं तर स्नायू ढिले पडतात, हृदय थांबू शकतं; पेशींच्या आत मात्र भरपूर. आणि प्रत्येक पेशीच्या भिंतीत बारीक पंप असतात, ते बाहेर झिरपलेलं पुन्हा आत ओढत राहतात, माणूस जिवंत असेपर्यंत. रक्त नळीत काढलं की पंप थोडा वेळ तसेच चालू राहतात, कारण त्यांना कुणी कळवलेलं नसतं. पण थंडीत ते मंदावतात. मग आतलं बाहेर येऊ लागतं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या यंत्रापर्यंत नळी पोचते तेव्हा तिच्यातलं पोटॅशियम माणसाच्या अंगातल्यापेक्षा जास्त झालेलं असतं. रंग बदलत नाही. यंत्राला शंका येत नाही. गंमत अशी की नमुन्यांची पेटी थंड ठेवायची अट तपासण्या करणाऱ्या कंपनीबरोबरच्या करारातच होती, गुणवत्तेसाठी, आणि कंपनी ती काटेकोर पाळत होती. गाडी कधी उशिरा आली नाही. पेटी कधी गरम झाली नाही. अहवाल ठरल्या वेळेच्या आत पडद्यावर दिसत. ती या करारावर देखरेख करणारी समन्वयक होती, दरवर्षी नव्यानं नेमली जाणारी, आणि गेल्या दोन वर्षांत कंपनीला एकदाही दंड लावायची वेळ आली नव्हती. कंपनी जे विकत होती ते चोख देत होती. दवाखान्यानं काय विकत घेतलं होतं, हा प्रश्न वेगळा.

आधी प्रयोगशाळा तळघरात होती. दमट वास, आम्लानं पांढरी पडलेली फरशी, खिडकीच्या पट्टीतून दिसणारे माणसांचे फक्त पाय. तिथं रक्त आलं की आधी ते गोठू द्यायचं, मग नळ्या फिरवणीत घालायच्या. यंत्राला सगळे फिरवणीच म्हणत. दहा मिनिटं गरगर फिरलं की लाल पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर स्वच्छ द्रव राहतो, मध्ये जेलचा थर. एकदा हा थर बसला की आतलं बाहेर येत नाही. मग नळी जगभर फिरवून आणा. आणि कुणाचा आकडा धोक्याचा आला, तर ज्याला तो दिसला त्यानं स्वतः जिना चढून वॉर्डात जायचं, हा प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांचा नियम. फोन असून. “आकडा पायांनी जायला हवा,” सर म्हणत. सरांना दमा होता. तरी एकदा ते स्वतः तिसऱ्या मजल्यावर गेले आणि जिन्यात बसून राहिले; ब्रदरनी त्यांनाच पेशंट समजून उचलून आणलं, ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस चहाबरोबर चालली. ती नवीन होती तेव्हा तिला हा नियम म्हणजे जुन्या माणसाचा हट्ट वाटे. मग एकदा तिला साडेसात आकडा आला. ती धापा टाकत वर गेली, तर पेशंट खाटेवर मांडी घालून शेजाऱ्याशी पत्ते खेळत होता. ती परत खाली आली, नळी पुन्हा पाहिली, चूक सापडली. आणखी एकदा पाच-नऊ आला, तसा मामुली, पण सरांनी जा म्हटलं म्हणून गेली, तर बाई पांढरीफटक पडली होती. जिना चढल्यानं काय होतं ते तिला तेव्हा कळलं. आकडा आणि माणूस एकमेकांसमोर उभे राहतात.

मग खर्च कमी कसा करायचा ते सांगायला सल्लागार आला. सौम्य, हुशार, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा. त्याच्याबद्दल तिला कधी राग आला नाही, आणि तेच तिला अवघड गेलं. त्यानं दाखवलं की तीन दवाखान्यांत तीन यंत्रं अर्धा दिवस रिकामी बसतात. एकच मोठं यंत्र दिवसरात्र चालवलं तर प्रत्येक चाचणी कितीतरी स्वस्त पडते. ते खरं होतं. रसायनं संपली म्हणून महिना-महिना बंद राहणाऱ्या चाचण्या तिनं पाहिल्या होत्या. यंत्र बिघडलं की दुरुस्तीची मंजुरी येईपर्यंत पेशंट बाहेर पैसे मोजत, हेही. कंपनी आल्यावर ते थांबलं. पूर्वी जी तपासणी करायला लोक परगावी जात, तिचा अहवाल आता त्याच संध्याकाळी येई. त्याच्या सादरीकरणात एक तक्ता होता: कर्मचाऱ्यांचा वेळ कशात जातो. त्यात बराच मोठा तुकडा राखाडी होता, ‘प्रयोगशाळेबाहेर’. “ही माणसं जिन्यावर काय करतात?” त्यानं विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मोठे सर तोवर निवृत्त झाले होते. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “अहवाल पोचवतात.” एवढंच सुचलं. “तेवढं तर पडदा करेल,” तो म्हणाला, आणि करू लागला.

फिरवणीचं मात्र कुणी ठरवलंच नाही. नळी दाराशी आणून द्यायची, इथपर्यंत दवाखान्याचं काम. दारापासून पुढे कंपनीचं. फिरवायचं ते या दोहोंच्या मध्ये, उंबरठ्यावर, आणि उंबरठ्याला खातं नसतं. तळघरातले तंत्रज्ञ दुसरीकडे गेले, कुणी घरी बसले. तिनं कंपनीच्या व्यवस्थापकाला विचारलं तेव्हा तो अगदी अदबीनं म्हणाला, “करू ना मॅडम, का नाही? दर सांगा. करारात हे काम नाही, नव्यानं घालावं लागेल.” दवाखान्याच्या अधीक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, “आपल्याकडे त्याला माणूस नाही. आणि माणूस घ्यायचा तर मग बाहेर दिलं कशाला?” दोघांचंही बरोबर होतं. ती दोघांच्या मध्ये काही महिने ये-जा करत राहिली, आणि तेवढ्यात वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याला खोट्या आकड्यावर, पोटॅशियम उतरवायला म्हणून, इन्शुलिन दिलं गेलं. त्याची साखर एकदम उतरली, घामानं चादर भिजली, तो मुलीला ओळखेना. वाचला. त्या दिवशी ती वॉर्डावॉर्डातून फिरली, प्रत्येकाला सांगत, की पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर आधी थांबा, अर्धा-एक गाडीचा असतो, तेवढा वजा करा. कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, “म्हणजे पेशंटचं किती आणि गाडीचं किती?” ती म्हणाली, “पेशंटला जे परवडत नाही ते गाडीचं.” सगळे हसले. ती क्वचितच कुणाला हसवे, त्यामुळे तिला बरंही वाटलं. महिन्याभरात शब्द सगळीकडे झाला. सिस्टर ड्युटी बदलताना म्हणत, अमुक खाटेचं गाडीचं आहे, लक्ष देऊ नको. आणि त्यामुळे नंतर कुणाची साखर उतरली नाही. शब्दानं आपलं काम केलं. भोक पडलेल्या जागी ती स्वतः बोट धरून उभी राहिली होती, आणि भोक बुजलंय असं सगळ्यांना वाटू लागलं होतं. तिलाही.

आता ताईची फोड तशीच चादरीवर होती. डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळला होता. तोच बरोबर असायची शक्यता जास्त होती. तिनं मनात हिशेब केला, सवयीनं. इतक्या दिवसांत लाल बाण आलेल्यांपैकी जवळजवळ सगळे गाडीचे निघाले. कालचा गाडीचा, परवाचा गाडीचा. असं असताना आजचा खरा असेल असं मानणं म्हणजे नाणं पुन्हा पुन्हा त्याच बाजूला पडतंय तरी दुसऱ्या बाजूवर पैज लावणं. पण काल आणि परवा गाडीचे होते हे कुणी ठरवलं? ईसीजी स्वच्छ होता म्हणून. ईसीजी सहाला स्वच्छ असू शकतो. पाच नऊ, सहा, सात एक. तिन्ही आकडे एकाखाली एक ठेवले तर त्यांना चढ होता, आणि गाडीला चढ नसतो. गाडी रोज तेवढीच थंड, रस्ता तेवढाच लांब. आणि मूत्रपिंडं थकलेली, रक्तदाबाची गोळी मागच्या आठवड्यात बदललेली, ती गोळी पोटॅशियम धरून ठेवते हे तिला माहीत होतं, डॉक्टरलाही माहीत असणार. सगळ्यांना सगळं माहीत होतं. वर ती स्वतः अर्धं संत्रं सोलून बसली होती, पोटॅशियमनं भरलेलं.

“डॉक्टर, ईसीजी काढा,” ती म्हणाली.

“काल काढलाय, मॅडम.”

“आज काढा. आत्ता.”

तिचा आवाज तिला अपेक्षित होता त्यापेक्षा मोठा आला. शेजारच्या खाटेवरचा माणूस वर्तमानपत्र खाली करून पाहू लागला. डॉक्टर थबकला. त्याच्या चेहऱ्यावर आधी कंटाळा आला, मग नातेवाइकांना द्यायची समजूत आली, मग ही नुसती नातेवाईक नाही हे त्याला आठवलं. “तुम्हीच सांगितलं होतं ना, की—”

“मीच सांगितलं होतं. काढा.”

ब्रदर यंत्राची गाडी ढकलत घेऊन आला. तिचं एक चाक अडकत होतं. “या गाडीचं काय येतं ते बघू आता,” तो ताईला म्हणाला, आणि ताई हसली, पण हसू ओठांच्या एका कोपऱ्यातच राहिलं. गार जेल लावल्यावर ताई एरवी दचकली असती. दचकली नाही. धाकटी कडेला सरकून उभी राहिली, सालं अजून ओंजळीत, आणि तिला जिना आठवला: कडेवरचा गुळगुळीत झालेला लाकडी कठडा, मधल्या वळणावरचा थंड वारा, वर पोचेपर्यंत छातीत होणारी धडधड. तेव्हा वर पोचेपर्यंत प्रत्येक वेळी तिला वाटे, चूक आपली निघू दे. नळीची निघू दे, यंत्राची निघू दे. आपली चूक निघावी असं इतक्या मनापासून वाटणारं दुसरं कुठलं काम असेल? ती आताही तेच म्हणत होती. गाडीचं निघू दे. मला खोटी ठरू दे. हा पोरगा महिनाभर कँटीनमध्ये हसू दे माझ्यावर.

कागद बाहेर येऊ लागला. ती डॉक्टर नव्हती, पण हे चित्र तिला वाचता येत होतं. मोठ्या सरांनी भिंतीवर लावलं होतं. प्रत्येक ठोक्यानंतर एक गोलसर टेकडी असायला हवी. इथं सुळके होते. उंच, अरुंद, तंबूसारखे टोकदार, एकामागून एक, कागद संपेना. डॉक्टरनं कागद फाडून घेतला नाही, तो वाकून येणारा कागद तसाच पाहत राहिला, आणि मग त्यानं ब्रदरकडे न पाहता कॅल्शियम मागितलं, अगदी शांत आवाजात. तो आवाज तिनं दोन वर्षांत ऐकला नव्हता. खाली प्रयोगशाळेत असताना, वर आकडा घेऊन गेल्यावर, समोरच्याचा आवाज असा व्हायचा.

“छोटे,” ताई म्हणाली, “काय झालं?”

“काही नाही. इंजेक्शन देतायत.”

“तुझा चेहरा बघून मला नाही वाटत काही नाही असं.”

“आधी पडून राहा.”

“पडलेलीच आहे गं. उभी कुठे आहे?”

कॅल्शियम हळूहळू शिरेत जात होतं. डॉक्टर ते स्वतः ढकलत होता, एक डोळा यंत्रावर. तिनं ताईचा दुसरा हात धरला. हाताच्या मधल्या बोटावर सुईनं पडलेला जुना कडक ठिपका तिला अंगठ्याखाली लागला. तो तिथं चाळीस वर्षं असेल. ती कागदाकडे पाहत राहिली. सुळके आधी तसेच होते. मग बोथट झाले, कुणीतरी तंबूचा मधला खांब हळूच काढून घ्यावा तसे खाली बसू लागले. पुढे साखर-इन्शुलिन, पुढे बाकीचं. संध्याकाळपर्यंत अतिदक्षता विभागातल्या, एरवी फक्त तिथल्याच पेशंटांसाठी असलेल्या छोट्या यंत्रावर, थेट ताईच्या हातातून काढलेल्या, कुठेही न गेलेल्या रक्तात, आकडा सहाच्या खाली आला होता.

 डॉक्टर पडद्यासमोर बसला आणि वॉर्डातले आजचे सगळे लाल बाण त्यानं खाली ओढून आणले. आणखी चार होते. “काढू या?” त्यानं विचारलं, आणि ते दोघं आणि ब्रदर, अडकणारं चाक ओढत, चारी खाटांपाशी गेले. चारही कागदांवर गोल, आळशी टेकड्या. चौघंही ठीक. चारही आकडे गाडीचे. डॉक्टरनं सुटकेचा श्वास टाकला. तिनं मात्र चारही कागद पुन्हा एकदा पाहिले. याचा अर्थ शब्द बरोबर होता. उद्या, परवा, पुढच्या आठवड्यात तो पुन्हा बरोबरच निघेल, आणि जितका बरोबर निघेल तितका लोक तो न पाहता म्हणतील. खोट्या शब्दाला कधीतरी कुणी पकडतं. हा बहुतेक वेळा खरा होता. आणि याआधी, या दोन वर्षांत, किती वेळा नव्हता? नळ्या आठवड्याभरानं जाळल्या जातात. रक्ताला पुन्हा विचारता येत नाही.

अधीक्षक वॉर्डात येऊन ताईला भेटून गेले. जाताना त्यांनी तिला व्हरांड्यात बाजूला घेतलं. ते दुष्ट नव्हते. त्यांच्या टेबलावर आणखी कितीतरी भोकं होती. “मी म्हणतो, फिरवणी आहे ना अजून आपल्याकडे? नमुन्यांच्या खोलीत, झाकून ठेवलेली. तुम्ही तशाही लवकर येता. गाडी यायच्या आत फिरवून टाकल्या नळ्या, की झालं. पाच-दहा मिनिटांचं काम. कुणाला काही विचारायला नको, खर्च नाही, काही नाही. तुमच्याइतकं कोण करणार ते?”

“बघते,” ती म्हणाली. तिला खरंच ते सोपं वाटलं. उद्यापासून अर्धा तास आधी यायचं. ती आताही आलीच असती, सांगितलं नसतं तरी.

ताईच्या खाटेपाशी भावोजी येऊन बसले होते. त्यांना झालेलं पूर्ण कळलं नव्हतं आणि तिनं सांगितलंही अर्धंच. ते डब्याचं झाकण उघडावं की नाही अशा विचारात होते. “सकाळी मीच केलं सगळं,” ते तिला म्हणाले, थोडं अभिमानानं. “मीठ राहिलं फक्त.”

“सवय व्हायला हवी,” ताई डोळे मिटून म्हणाली. “मी तर म्हणते, माझ्या सगळ्या कामांचं टेंडर काढा एकदा. बघू दे कोण भरतंय.”

“भरलं असतं कुणीतरी,” भावोजी म्हणाले.

“तुमचं बटण कुठे तुटतं, पाहुणे यायच्या आधी दूध कधी मागवायचं, तुम्ही रागावलात की किती दिवस गप्प बसायचं, हे लिहिलं असतं कुणी त्यात? चार दिवसांत पळून गेला असता कंत्राटदार. नाहीतर तुम्ही उपाशी मेला असता, कराराप्रमाणे.” मग तिनं डोळे उघडून धाकटीकडे पाहिलं. “काय म्हणाले तुझे साहेब? व्हरांड्यात इतका वेळ?”

तिनं सांगितलं. लवकर येऊन नळ्या फिरवायच्या. ताईनं पुन्हा डोळे मिटले. भावोजींना वाटलं तिला झोप लागली. “बाबा म्हणायचे,” ताई म्हणाली, “घर आपोआप चालतंय. आठवतं? मला तेव्हा फार बरं वाटायचं ते ऐकून. वाटायचं, बघा, कुणाला कळतसुद्धा नाही इतकं छान करते मी.” तिनं मान भिंतीकडे वळवली. “कॉलेजला परत कधी जातेस, हे मग कुणी विचारलंच नाही. विचारायचं कारणच नव्हतं ना.”

सकाळी ती नेहमीच्या वेळेलाच दवाखान्यात शिरली. लवकर येऊन कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहिली होती, आत गेली नव्हती. नमुन्यांच्या खोलीत तिनं फिरवणीवरचं प्लॅस्टिक काढलं, धूळ उडाली. वायर घासून पाहिली, झाकण उघडून आतल्या खोबणी पुसल्या, बोटानं चक्र एकदा फिरवलं. ते हलकं फिरलं, दोन वर्षं वाट पाहत असल्यासारखं. वॉर्डांतून नळ्या आल्या. दाराशी गाडी थांबल्याचा आवाज आला आणि गाडीवाला लाल पेटी घेऊन आत आला, बाही सारखी करत, घड्याळाकडे पाहत. त्याचं एकूण एक काम वेळेवर होत आलं होतं. तो आल्यावर तिनं नळ्या समोरासमोर, तोलून बसवायला सुरुवात केली.

“मॅडम, तयार नाहीत?”

“होतायत. बसा.”

“निघायची वेळ झालीय हो. उशीर लागला तर तुमच्या नावावर पडतो, माझ्या नाही. दवाखान्याकडून विलंब. मशीनच विचारतं मला.”

“ठाऊक आहे. लागू दे.”

नळ्या न फिरवता रोजच्यासारख्या त्याच्या पेटीत देता आल्या असत्या. पहाटे येऊन फिरवून, झाकण पुन्हा लावून, आता रिकाम्या हातानं उभं राहता आलं असतं. मग आकडे खरे आले असते, करार निर्दोष राहिला असता, सल्लागाराचा तक्ता बरोबर ठरला असता, आणि ती निवृत्त झाली की दुसऱ्या दिवशी, कुणालाही न कळता, सगळे पंप पुन्हा थंडीत मंदावले असते. कुणाला तरी अहवाल आज वीस मिनिटं उशिरा मिळणार होता. तो कोण, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते तिला टोचत राहिलं; तिनं ते टोचू दिलं. दंडाची रक्कम महिन्याअखेर अधीक्षकांच्या टेबलावर जाईल. ते तिला बोलावतील. पुढच्या वर्षी तिला पुन्हा नेमायचं की नाही हेही त्याच टेबलावर ठरतं. पण तिथं पहिल्यांदाच एक आकडा असेल, आणि त्याच्या समोर कुणालातरी उभं राहावं लागेल.

गाडीवाल्यानं फोन लावून तिच्या हातात दिला. व्यवस्थापकाचा आवाज नेहमीसारखा अदबशीर होता. “मॅडम, काही अडचण? कारण काय टाकू विलंबाचं?”

“नमुने फिरवले, असं टाका.”

“बरं. आजच्यापुरतंच ना?”

“रोज,” ती म्हणाली. “रोज टाका.”

तिनं झाकण लावलं आणि बटण दाबलं. फिरवणी आधी अडखळली, कुरकुरली, मग तिचा सूर चढत गेला, चढत चढत एका ठिकाणी स्थिर झाला, तळघरात ऐकू यायचा तोच. गाडीवाला स्टुलावर बसला, पेटी मांडीवर घेऊन. थोड्या वेळानं त्यानं पेटीचं झाकण उघडलं, आतल्या बर्फाकडे पाहिलं आणि विचारलं, “मग हा बर्फ आता लागणार नाही का?” ती उजव्या खिशातल्या पेनावर हात ठेवून त्या आवाजाकडे कान देऊन उभी होती. वरच्या मजल्यावरच्या ताईची नळीही त्यातच फिरत होती. “जरा थांबा,” ती म्हणाली. “खाली बसू दे आधी.”